तिरपी वायर

आमच्या ह्यांनी सख्ख्या थोरल्या भावाचे दोन दात पाडले, त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. थंडीचे दिवस होते आणि त्यात आभाळ भरून आलेलं. तीन दिवस ऊन नव्हतं. मागच्या दाराची फट मी गोणपाटानं बुजवली होती, तरी वारा आत यायचाच, आणि आला की आधी पिलांकडे जायचा.

पिलं चारशे होती, पाच दिवसांची. मागच्या खोलीत पत्र्याचं गोल कडं करून, खाली भुसा पसरून वर सहा मोठे बल्ब टांगले होते. परांचीवरून पडून ह्यांचा गुडघा गेला आणि गवंडीकाम सुटलं, तेव्हापासून ही कोंबड्यांची पिलंच आमचं सगळं होतं. पहिली खेप वाढवून विकली होती, ही दुसरी. ही हातची गेली तर तिसरी आणायची ऐपत नव्हती, म्हणजे घर सोडून कुठेतरी राखणदारी धरायची. पिलाला पहिले पंधरा दिवस आईच्या पंखाखालची ऊब लागते. आई नसेल तर बल्बची. ती गेली की पिलं ऊब शोधत एकमेकांच्या अंगावर चढतात आणि वरच्यांच्या वजनानं खालची गुदमरतात. गारठून मरतात त्याहून अशी जास्त मरतात.

त्या सकाळी मी पिलांची पाण्याची भांडी धूत होते. पलीकडून, थोरल्यांच्या खोलीतून, काहीतरी ठोकल्याचा आवाज आला. चार ठोके पडले. पाचव्याला सहाही बल्ब गेले.

घर मामंजींनी बांधलेलं. माझे सासरे नावाजलेले गवंडी होते आणि दोन्ही मुलांना त्यांनी तेच काम शिकवलं होतं. पुढच्या दोन खोल्या थोरल्यांना, मागच्या दोन आम्हाला, अशी वाटणी झालेली. विजेचा मीटर पुढे, थोरल्यांच्या पडवीत. तिथून आमच्याकडे येणारी वायर थोरल्यांच्या खोलीच्या मोठ्या भिंतीतून, गिलाव्याच्या आतून आली होती.

आमचे हे लंगडत पुढे गेले. मागोमाग मी.

मोठ्या भिंतीवर माणसाच्या छातीएवढा नवा आरसा लटकत होता. जाऊबाई त्यात बघत केस बांधत होत्या. थोरले दीर हातोडा पिशवीत टाकत होते.

"दादा, काय ठोकलंस?" ह्यांनी विचारलं.

"आरसा लावला. का? अर्ज करायला पाहिजे होता का तुझ्याकडे?"

"आमची लाईट गेली."

"माझी आहे." थोरल्यांनी बटण दाबून दिवा लावून दाखवला. "बघ. तुझ्या कोंबड्यांनीच काहीतरी टोचलं असेल."

"खिळा वायरीला लागला असेल."

"वायर कुठे, खिळा कुठे. वायर त्या कोपऱ्यातून वर जाते, आढ्याखालून आडवी, मग तुमच्या बोर्डावर सरळ खाली. ही भिंत बाबांची आहे. ह्या घरात तिरपं काही नसतं, तुला माहीत नाही?"

भिंतीच्या पायथ्याशी स्टुलावर मामंजी बसले होते. दोन्ही हात काठीच्या मुठीवर, हनुवटी हातांवर. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

मी वायरमनला बोलवायला धावले. त्याचं आडनाव वेगळंच होतं, पण आयुष्यात विजेचे इतके झटके खाल्ले होते की सगळे त्याला झटके म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. तो आला. आमच्या भागाचा फ्यूज काढून त्यानं नवी तार भरली, फ्यूज परत बसवला आणि मेन वर केला. फट् करून निळा जाळ निघाला. झटके दोन पावलं मागे आला, हात झटकला, म्हणाला, "भिंतीत दोन तारा एकमेकींना भिडल्यात. घरातल्या माणसांसारख्या."

"मग?"

"मग भिंत फोडायची. कुठे फोडायची ते तुम्ही सांगा, गवंडी तुम्ही आहात. मला भिंतीच्या आतलं दिसत नाही."

"वरून दुसरी वायर ओढता येणार नाही का?" मी विचारलं.

"येईल की, वहिनी. वीस हात लागेल. माझ्याकडे दोन हात आहे. बाजाराच्या गावी जाऊन यायचं म्हणजे संध्याकाळ."

संध्याकाळपर्यंत आमच्याकडे वेळ नव्हता. ह्यांनी घरात जाऊन छिन्नी-हातोडा आणला. थोरले भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"ह्या भिंतीला हात लावायचा नाही."

त्या भिंतीचं कौतुक सांगायला हवं. लांबलांबचे गवंडी ती बघायला यायचे. कडेला दिवा धरून भिंतीवरून उजेड सोडला तरी कुठे उंचवटा नाही, की खळगा नाही. हात फिरवला तर ताटाच्या पाठीवरून फिरवल्यासारखा जायचा. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा भिंत विटांचीच होती. गावात नुकतीच वीज आली होती. दोघे भाऊ लांब कुठेतरी एका इमारतीच्या कामावर गेलेले, सासूबाई तर माझ्या आधीच गेलेल्या, आणि जाऊबाई माहेरी. घरात मामंजी आणि मी. वायर मीच बसवणार, परक्या माणसाला माझ्या भिंतीला हात लावू देणार नाही, असं ते म्हणाले. मला वायरीचं टोक धरायला लावलं. सोळा-सतरा वर्षांची होते मी, आणि त्या घरात मला कामाला लावणारं आणि काम करताना माझ्याशी बोलणारं ते पहिलं माणूस. दिवसभर त्यांनी मला वाळू कशी चाळायची, सिमेंटला पाणी किती, सगळं सांगितलं. हातांना माती कशी लागली पाहिजे आणि कशी नाही, तेही. ते दिवस आठवले की अजून मला ओल्या सिमेंटचा वास येतो.

वायर कमी पडली. आढ्याखालून आडवी नेली तर बोर्डापर्यंत पोचेना. गिलाव्याचा माल कालवून झाला होता, तो थांबत नाही. मामंजी बराच वेळ वायरीकडे आणि मालाकडे बघत राहिले. मग छिन्नी घेऊन त्यांनी विटांवरून एक तिरपी खाच मारली, मीटरच्या कोपऱ्यापासून थेट बोर्डाकडे. तरीही दीड हात कमी. मग एक उरलेला तुकडा जोडला, जोडाला पंच्याची चिंधी गुंडाळली आणि वर गिलावा चढवला. "सिमेंटनं धरलं की जन्मात हलत नाही," असं म्हणाले. मग हात धुताना म्हणाले, "सूनबाई, पोरांना बोलू नकोस. ओळंबा सोडून काम केलं म्हणतील."

दोरीला वजन टांगून भिंत सरळ पाहायची, तो ओळंबा पोरांना त्यांनी मारून शिकवला होता. थोरल्यांच्या उजव्या भुवईत एक पांढरी खाच होती. चौदाव्या वर्षी एक वीट तिरकी बसवली म्हणून मामंजींनी थापी फेकून मारली होती, तिची ती खूण.

मी कुणाला बोलले नाही. बारा वर्षं नाही.

"बाजूला हो," आमचे हे म्हणाले.

"नाही होत."

"दादा, पिलं मरतायत."

"मरू देत. घाण सुटलीये सगळ्या घरात. पाहुणा आला तर नाकाला पदर लावून बसतो."

ह्यांनी बोर्डाच्या वर छिन्नी टेकवून पहिला घाव घातला. ताटाएवढा गिलावा खाली आला. थोरल्यांनी मागून ह्यांची कॉलर धरून ओढलं. आमचे हे वळले ते हातोड्यासकट. हातोड्याचा दांडा थोरल्यांच्या तोंडावर बसला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, कुणीतरी अक्रोड फोडावा तसा. थोरल्यांनी तोंडावर हात धरला, हात काढला, तळहातावर पाहिलं. दोन दात होते. मग त्यांनी शांतपणे पाय उचलला आणि ह्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर टाचेनं लाथ मारली.

आमचे हे बसले ते उठेचनात. गुरासारखे ओरडले. थोरले त्यांच्या छातीवर बसले. जाऊबाई नवऱ्याचा शर्ट मागून ओढत होत्या, शर्ट पाठीवर उभा फाटला. मी थोरल्यांचा दंड धरला तर त्यांनी मला झटकलं, मी दाराच्या चौकटीवर जाऊन आपटले.

झटके पडवीतून म्हणाला, "मेन मी पाडलाय. आता करंटनं कुणी मरायचं नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा."

मामंजी स्टुलावरून हलले नव्हते.

मी मागे पळाले. कड्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला पिलांचा ढीग झाला होता, वीतभर उंच, हलता. मी दोन्ही हातांनी ढीग फोडला. वरची पिलं ओरडत बाजूला झाली, खालची झाली नाहीत. त्यांच्या माना लांब झालेल्या, चोची उघड्या, अंग अजून ऊन. मी ती टोपलीत टाकली. शेगडीत कोळसे घातले, पण कोळसे दमट होते. धूर झाला तशी पिलं आणखी एका कोपऱ्यात धावली. शेगडी बाहेर काढली. पोतं पांघरून बघितलं. पोत्याखाली अंधार झाला की ती पुन्हा चढायची एकमेकांवर. मी हात घालून बसले. हात काढला की ढीग व्हायचा.

पुढून घावांचा आवाज येऊ लागला. मला वाटलं मिटलं. कपाटातले सगळे कपडे पिलांभोवती लावून मी पुन्हा पुढे गेले.

मिटलं नव्हतं. थोरले स्वतः भिंत फोडत होते. तोंडातून रक्त गळत होतं, ते शर्टानं पुसायचे आणि पुन्हा घाव घालायचे. "घे. तुला फोडायचीच आहे ना? घे. बाबांची भिंत, घे." आढ्यापासून बोर्डापर्यंत त्यांनी सरळ रेषेत हातभर रुंद चर पाडला होता. विटा दिसत होत्या, वायर नव्हती. आमचे हे भिंतीला टेकून बसल्या बसल्या खालून फोडत होते.

"नाही इथे," हे म्हणाले.

"मग आढ्याखाली असेल. आडवी."

आढ्याखाली आडवा चर पडला. वायर नाही.

"तूच काढून घेतली असशील," हे म्हणाले. "मागच्या वर्षी रंग दिलास तेव्हा."

"मी? तुझी वायर चोरायला मला तिचा गळफास घ्यायचाय का?"

"मग कुठे गेली?"

"बोर्डालाच विचार ना. बोर्ड तुझा आहे."

झटके उंबऱ्यावर बसून विडी ओढत होता. "सरळ नाही, आडवी नाही," तो म्हणाला. "मीटरमधून निघालीये, बोर्डात शिरलीये. मध्ये स्वर्गात जाऊन आली असेल तर मला माहीत नाही."

मी मामंजींच्या पायाशी बसले. हळू आवाजात म्हणाले, "मामंजी, सांगा ना."

"काय सांगू?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तू पिलांकडे बघ," म्हणाले.

मी गेले. ढीग पुन्हा झाला होता, या वेळी मोठा. मी तो फोडला आणि टोपली भरली. दुसरी टोपली घेतली. एक पिल्लू माझ्या हातात होतं तोवर जिवंत होतं आणि टोपलीपर्यंत जाईतो नव्हतं. बाजारच्या टोपल्या त्या, भाजीच्या.

तिसऱ्यांदा पुढे आले तेव्हा थोरल्यांच्या हातात पहार होती. दोन्ही चर रिकामे, खोलीभर चुना आणि विटांचा भुगा, दोघांची तोंडं पांढरी, त्यावर थोरल्यांचं लाल. आमचे हे कसेबसे उभे राहिले होते, हातोडा खांद्याच्या वर धरून. म्हणत होते, "एकदा कबूल कर, तू कापलीस." थोरले म्हणत होते, "पुढे ये. ये ना पुढे. दुसराही गुडघा देतो." जाऊबाई कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. कुणी खोटं भांडत नव्हतं. दोघांनाही मनापासून वाटत होतं की दुसऱ्यानं घात केला, कारण बापाची वायर तिरपी असू शकते हे दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात येणं शक्य नव्हतं.

थोरल्यांनी पहार मागे नेली.

मी म्हणाले, "वायर तिरपी आहे."

कुणाला ऐकू गेलं नाही बहुतेक. मी पुन्हा म्हणाले. "तिरपी आहे. मीटरच्या कोपऱ्यातून बोर्डाकडे. मामंजींनी बसवली तेव्हा टोक मी धरलं होतं."

काठी कुठून आली ते दिसलंच नाही. ती माझ्या डाव्या खांद्यावर, गळ्याच्या हाडावर बसली. आत काहीतरी कडकन् झालं आणि हात खाली लोंबला. मामंजी स्टुलावरून उठले होते. सत्तरीचा माणूस, पण आयुष्यभर विटा उचललेला.

"खोटं बोलते," ते म्हणाले. "परक्या घरातली."

बारा वर्षांत त्यांनी मला परकी म्हटलं नव्हतं.

मी उजव्या हातानं आरसा उतरवायला गेले. एका हातानं तो पेलवला नाही. पायांशी पडून त्याचा चुरा झाला, जाऊबाईंच्या तोंडून हुंदका निघाला. आरशामागे बोटाएवढा जाड खिळा होता आणि त्याच्याभोवतीचा गिलावा पैशाएवढा काळा पडला होता. मी ह्यांच्या पायाशी पडलेली छिन्नी उचलली आणि तिच्या टोकानं भिंतीवर रेघ ओढली. कोपऱ्यातून खिळ्यावरून बोर्डापर्यंत. त्या भिंतीवर तशी रेघ ओढताना मला दात आवळून धरावे लागले.

"इथून इथे," मी म्हणाले.

थोरल्यांनी पहार टाकली, माझ्या हातातली छिन्नी घेतली आणि ह्यांच्याकडे हात पुढे केला. ह्यांनी त्यांना हातोडा दिला. दोन घावांत गिलावा पडला. वायर होती. खिळा तिच्या बरोबर मधोमध गेला होता, वेष्टण फाटून दोन्ही तारा खिळ्याला चिकटून वितळल्या होत्या. थोरले रेघेवरून फोडत गेले. वीतभर पुढे जोड लागला. चिंधी काळी पडलेली, आतलं तांबं हिरवं झालेलं.

झटके पुढे झाला, वाकून बघितलं, चिंधी बोटानं उकलली. "हा जोड कुणी मारला हो? जखमेला बांधतात तशी चिंधी बांधलीये. खिळा नसता लागला तर एखाद दिवशी आगच लागली असती. कोण होता हा कारागीर?"

दोघे भाऊ वडिलांकडे बघत होते. थोरल्यांचं बोट आपोआप उजव्या भुवईवर गेलं, तिथून खाली ओठांवर आलं. मग ते हसले. पुढचे दात नसलेल्या तोंडानं, आवाज न करता, खांदे हलवत हसत राहिले. आमचे हे खाली बसले, गुडघा दोन्ही हातांत धरून. मामंजींनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि पडवीत निघून गेले. चालताना त्यांनी कुणाचा आधार घेतला नाही.

झटकेनं काम केलं. जळालेला भाग आणि जुना जोड दोन्ही कापले, टोकं ब्लेडनं खरवडून लख्ख केली, स्वतःच्या दोन हात वायरीतून तुकडा घातला, दोन्ही जोडांवर चिकटपट्टी गुंडाळली आणि प्रत्येकाला लाकडाची झाकणाची डबी लावली. म्हणाला, "जोड भिंतीत गाडायचा नाही. झाकण उघडून बघता आला पाहिजे." थोरल्यांनी त्याला शिडी धरली. आमच्या ह्यांनी खाली बसून टेस्टर पुढे केला. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, पण झटके हात पुढे करायचा तेव्हा हवं ते त्याच्या हातात यायचं. फ्यूज बसला, मेन वर झाला. जाळ निघाला नाही.

मी मागे होते. दुपार कलली होती. सहाही बल्ब लागले तेव्हा मी पिलांच्या कड्यात उजव्या कुशीवर आडवी झाले होते, जेवढी मावतील तेवढी पोटाशी घेऊन. ती माझ्या अंगावरून उतरून उजेडाखाली गेली, आणि जागा करून बसायला लागली, वेगवेगळी. मेलेली मोजायला मला तासभर लागला. दोनशे साठ. तीन टोपल्या.

उजेड होता तोवर मी टोपल्या एक एक करून परड्याच्या टोकाला नेल्या. तिथे मामंजी कुदळ घेऊन खड्डा खणत होते. कंबरेएवढा खोल झाला होता. कडा चारी बाजूंनी कापल्यासारख्या सरळ. मला पाहून ते थांबले, बाहेर आले, बाजूला उभे राहिले. मी पहिली टोपली उलटी केली. मग दुसरी. तिसरीला त्यांनी हात लावला, तिची एक बाजू त्यांनी धरली.

"किती राहिली?" त्यांनी विचारलं.

"एकशे चाळीस."

"हाड मोडलंय का?"

"माहीत नाही."

ते फावडं घेऊन उभे राहिले, पण माती लोटेनात. वाऱ्यानं पिलांची लव हलत होती.

"का नाही बोललात?" मी म्हणाले.

"सकाळीच बोलणार होतो," ते म्हणाले. "तोंड उघडेपर्यंत थोरल्याचे दात पडले. मग वाटलं, आता बोललो तर दात कशासाठी पडले? मग गुडघा. मग वाटलं, आता तर काहीच बोलता येणार नाही."

मी त्यांच्या हातातून फावडं घेतलं. डावा हात वर होत नव्हता. फावड्याचा दांडा काखेत धरून मी माती लोटायला लागले.

"हळू लोट," ते म्हणाले.

मी हळू लोटली नाही.